मामांच्या मुलाखतीचा शर्ट

मुलाखतीला बोलावलेल्या माणसांना निरोप पाठवणं हे माझ्या नोकरीतलं एक काम आहे. परळला एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे आणि आम्ही वेगवेगळ्या कंपन्यांना माणसं मिळवून देतो. टेबलाशी बसून काम करणाऱ्यांना मी एक निरोप पाठवते आणि हातकाम करणाऱ्यांना, म्हणजे वेल्डर, फिटर, सुतार, इलेक्ट्रिशियन यांना, दुसरा. दुसऱ्या निरोपात लिहिलेलं असतं: सुती कपडे घाला. जुने चालतील, पण धुतलेले असावेत आणि फाटलेले नसावेत. बाह्या मनगटापर्यंत हव्यात. पँट खाली दुमडलेली नको. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी ठेवा. कामाचे बूट घालून या, नाहीतर पिशवीत आणा. हात बसलेली स्वतःची हत्यारं असतील तर तीही आणा, संकोच करू नका.

ऑफिसातल्या साहेबांनी एकदा विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, घरी एक वेल्डर आहेत. तेव्हा तेवढंच सांगितलं.

आधी मी सगळ्यांना एकच निरोप पाठवत असे. तो मी कॉलेजात शिकले होते. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी, डोंगराच्या पायथ्याशी. वडील दुसऱ्याच्या काजूच्या बागेत कामाला, आई घरी. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेनंतर आमच्या वाणिज्य शाखेच्या सरांनी आम्हा बारा-तेरा मुलामुलींना मुद्दाम थांबवून घेतलं आणि दोन दुपारी मुलाखत कशी द्यायची ते शिकवलं. कॉलेजनं सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःहून. कपड्यांना इस्त्री हवी. बूट बंद हवेत आणि चकचकीत हवेत. हातात फक्त फाईल. कापडी पिशवी अजिबात नको, बाजारातून आल्यासारखं दिसतं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढे मुंबईत आल्यावर जसंच्या तसं केलं आणि दुसऱ्याच मुलाखतीत मला नोकरी लागली. त्या सरांचे उपकार मी विसरलेले नाही. ते सांगत होते ते खोटं नव्हतं. ते कुणासाठी खरं आहे, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

मुंबईत मी काळाचौकीला मामांकडे राहते. आईचे सख्खे भाऊ. एक खोली, पुढे लांब गॅलरी. मी आले तेव्हा मामांनी खिडकीजवळची त्यांची झोपायची जागा मला दिली आणि ते दाराकडे सरकले. त्यावर कधी बोलणं झालं नाही. मामा सव्वीस वर्षं घोडपदेवच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. मग मालकानं वर्कशॉप मुंबईबाहेर हलवलं आणि जुन्या माणसांना घरी बसवलं. तेव्हापासून मामा मिळेल तिथे रोजावर काम करत होते. एखाद्या दिवशी खिडकीचं ग्रिल, एखाद्या दिवशी जिन्याचा कठडा, एखाद्या दिवशी काहीच नाही. काहीच नाही त्या दिवशीही ते सकाळी आठला घराबाहेर पडत आणि संध्याकाळी परत येत. कुठे जात होते हे मामीनं विचारलं नाही, मीही नाही.

मे महिन्यात त्यांना कळलं की शिवडीच्या बंदराकडे बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात चार वेल्डर कायम करून घेणार आहेत. शनिवारी सकाळी दहाला गेटवर हजर राहायचं, कामाची परीक्षा आणि मुलाखत त्याच दिवशी. वयाची अट पन्नास. मामांना पुढच्याच महिन्यात पन्नास पूर्ण होणार होती. यानंतर अशी जागा निघाली तरी त्यांना अर्ज करता येणार नव्हता, हे घरात तिघांनाही न बोलता कळलं होतं.

मामांनी आयुष्यात मुलाखत दिली नव्हती. त्यांच्या काळी ओळखीचा कुणीतरी शेडमध्ये घेऊन जायचा, उस्ताद म्हणायचा हात दाखव, आणि हात दाखवला की दुसऱ्या दिवसापासून कामाला. म्हणून मी पुढे झाले. मला वाटलं, या घरानं माझ्यासाठी इतकं केलं, आता माझी पाळी.

आठवडाभर संध्याकाळी मी त्यांना गॅलरीत समोर बसवून प्रश्न विचारले. तुमच्याबद्दल सांगा. आधीची नोकरी का सोडली? मामा पाठ ताठ करून, मांडीवर हात ठेवून उत्तरं देत. शेजारच्या खोलीतले काका दारात उभे राहून ऐकत.

"काय रे, परत बोहल्यावर चढतोस की काय?" ते म्हणाले.

"बघतोय कोण देतंय मुलगी," मामा म्हणाले.

"देतील. फक्त दात घासून जा."

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी दादरला गेले आणि मामांसाठी शर्ट घेतला. आकाशी रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, थोडी चमक असलेला. दुकानदार म्हणाला, धुवा आणि घाला, चुणीच पडत नाही. राखाडी पँट घेतली. बूट त्यांच्याकडे एक जोड होता, लग्नकार्याचा, तो पॉलिश करून आणला. घरी येऊन शर्ट मामांच्या हातात दिला. त्यांनी बाहीचं कापड अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळलं. एकदा, मग परत एकदा.

"चांगला आहे," ते म्हणाले. "मऊ आहे."

मग थोड्या वेळानं, पाणी पिता पिता, म्हणाले, "आत काम करून दाखवायला सांगितलं तर?"

"ते देतील ना कामाचे कपडे," मी म्हटलं. "कंपनी आहे मामा ती. आधी माणूस कसा दिसतो ते बघतात."

हे मी कशाच्या आधारावर म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. ठामपणे म्हटलं, एवढं आठवतं.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी मामीनं दाराजवळ एक कापडी पिशवी भरून ठेवली होती. मी उघडून पाहिली. मामांचा जाड खाकी शर्ट, जुनी पँट, चामड्याचे हातमोजे आणि ते कामाचे बूट, ज्यांच्या नाकाडावर ठिणग्यांनी बारीक बारीक काळे खड्डे पडलेले होते.

"हे कशाला?" मी विचारलं.

"लागतला तर," मामी म्हणाली.

"मामी, मुलाखतीला पिशवी घेऊन जात नाहीत."

"तेंका इचार गो एकदा."

मी मामांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "ती सांगते तसं कर." मी पिशवी रिकामी केली. बूट आणि हातमोजे पलंगाखाली सरकवले, कपडे मामीच्या हातात दिले. तिनं ते घेतले आणि आत नेले.

शनिवारी मला सुट्टी होती. मामांचे बूट धुळीनं खराब होऊ नयेत म्हणून मी टॅक्सी केली. मामा आकाशी शर्टात, खोचून, पट्टा लावून, मांडीवर फाईल घेऊन बसले होते. खरंच छान दिसत होते. मी त्यांना तसं म्हटलंही.

कारखान्याच्या गेटबाहेर भिंतीच्या सावलीत पंधरा-सोळा माणसं रांगेत उभी होती. टॅक्सीतून उतरताना माझी नजर आधी त्यांच्या कपड्यांवर गेली. सगळ्यांच्या अंगावर जाड सुती कपडे होते, खाकी नाहीतर निळे, धुऊन धुऊन विटलेले. सगळ्यांचे शर्ट पँटच्या बाहेर. सगळ्यांच्या पायात जड बूट. आणि प्रत्येकाच्या हातात किंवा पायाशी एक पिशवी. फाईल घेतलेले फक्त आम्ही.

रांगेतला एक जाडसर माणूस, असेल चाळिशीचा, मामांना बघून बाजूला सरकला आणि म्हणाला, "साहेब, ऑफिसचं गेट मागच्या बाजूला आहे."

"मी टेस्टला आलोय," मामा म्हणाले.

त्या माणसानं मामांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वेल्डिंगच्या?"

"हो."

"शेठ, लग्न आटपून आलात काय?"

रांग हसली. मामाही हसले आणि शेवटी जाऊन उभे राहिले. मी अरुंद रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपाशी थांबले, तिथून गेटवरचं बोलणं ऐकू येत होतं. त्या माणसाचा मला राग आला होता. पण मी परत परत रांगेतल्या त्या पिशव्यांकडे बघत होते.

साडेदहाच्या सुमाराला आतून फोरमन आले. साठीला टेकलेले, डोक्यावर पिवळं हेल्मेट, काखेत रजिस्टर. त्यांनी कुणाचंही नाव आधी विचारलं नाही. एकेकाच्या बाहीचं कापड ते बोटांत धरून चोळत, पँटच्या टोकाकडे बघत, हात पुढे करायला लावून अंगठी आहे का पाहत, आणि मग रजिस्टरात लिहीत. एकाचा शर्ट खांद्यावर उसवलेला होता, त्याला बाजूला काढलं. बाकीच्यांना पहिली, दुसरी, तिसरी अशा तुकड्या पाडून दिल्या. मामांपाशी आले आणि त्यांनी बाही धरली. अगदी मामांनी गुरुवारी धरली होती तशी.

"हे काय?"

"शर्ट आहे," मामा म्हणाले.

"ते मला पण दिसतंय. कापड कसलं?"

"टेरिकॉट."

"किती वर्षं काम करताय?"

"सव्वीस."

फोरमननी बाही सोडली. "सव्वीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस टेरिकॉट घालून बसतो? ठिणगी पडली की हे पेटत नाही, वितळतं. कातडीला चिकटतं. मग कातडीसकट काढायला लागतं. हे मी सांगायचं तुम्हाला?"

मग त्यांची नजर मामांच्या पायांकडे गेली.

"आणि हे बूट? फाईलमधलं सर्टिफिकेट तुमचंच आहे ना? का भावाचं घेऊन आलात?"

तेव्हा मला कळलं की गोष्ट नुसत्या कपड्यांची राहिली नव्हती. त्या शर्टामुळे मामांची सव्वीस वर्षं खोटी ठरत होती. मी रस्ता ओलांडून पुढे गेले. "सर, माझी चूक आहे, मी त्यांना..."

"तू गप गो," मामा म्हणाले. माझ्याशी ते इतक्या कडक आवाजात कधी बोलले नव्हते. मग फोरमनकडे वळून म्हणाले, "सर्टिफिकेट माझं आहे. कपड्यांचं चुकलं माझं."

फोरमननी घड्याळ पाहिलं. "कागद तपासायचेत, तुम्ही इथून हलू नका. कपडे कुणाला तरी आणू दे. बाराला शेवटची तुकडी आत जाते. बारा वाजून पाच मिनिटांनी आलात तर गेट बंद असेल, मला हाक मारू नका."

मी धावत नाक्यापर्यंत गेले. टॅक्सीत बसून मामीला फोन लावला. तिसऱ्यांदा तिनं उचलला.

"मामी, ते कामाचे कपडे काढून ठेव. पिशवीत भर. बूट, हातमोजे, सगळं."

पलीकडे बादलीत पाणी हलल्याचा आवाज आला.

"शर्ट बादलीत गो," ती म्हणाली. "सकाळी भिजत घातलंय. तूच सांगलंस ना, नको म्हणान."

मी घरी पोचले तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. मामीनं शर्ट पिळून जमिनीवर चादर टाकली होती आणि इस्त्री फिरवत होती. इस्त्रीखालून वाफ येत होती, खोलीत साबणाचा वास भरला होता. दुसरा सुती शर्ट होता, पण त्याचं कोपर फाटलेलं, आणि उसवलेल्या खांद्याच्या माणसाचं काय झालं ते मी पाहून आले होते. पँट दुसरी मिळाली. बूट, हातमोजे मी पलंगाखालून ओढून काढले. मामी पुढची बाजू करायची, शर्ट उलटायची, मागची बाजू करायची. बाही कोरडी होई, पण कॉलर आणि शिवणी दाबल्या की पाणीच. तिचे केस कपाळाला चिकटले होते.

अकरा पस्तीसला मी तिच्या हातून शर्ट जवळजवळ ओढून घेतला. टॅक्सीत खिडकीबाहेर धरून बसले. उन्हात तो फडफडत होता, आणि वाटेत एका मालाच्या गाडीमागे आमची टॅक्सी अडकली. मी ड्रायव्हरला काही म्हटलं नाही, त्याच्याही हातात काही नव्हतं. मी मनात एकच आकडा म्हणत होते, बारा.

बाराला दहा कमी असताना मी गेटवर पोचले. मामांनी पँट आणि बूट वॉचमनच्या खोपीमागे बदलले. बूट पायात चढवल्यावर त्यांची उभं राहण्याची तऱ्हाच बदलली. फोरमन तिथेच होते. त्यांनी खाली वाकून बुटांचं नाकाड पाहिलं, त्या काळ्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं आणि "हं" म्हणाले. सकाळपासून त्यांच्या तोंडून मामांसाठी आलेला तो पहिला बरा शब्द. मग शर्टाची कॉलर चिमटीत धरली.

"ओला आहे."

"बाह्या कोरड्या आहेत, सर," मी म्हटलं.

"पाठ ओली, कॉलर ओली. ओल्या अंगानं हातात करंट घेऊन बसवू? काही झालं तर कोण जबाबदार?" ते मामांना म्हणाले, "तुम्हाला समजतं ना?"

"समजतं," मामा म्हणाले.

त्यांनी ओला शर्ट माझ्याकडे दिला. आकाशी शर्ट अजून अंगात होता. त्याची बटणं त्यांनी काढलेली होती, ती ते एकेक करून परत लावू लागले. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. ते आता घरी जायचं म्हणून बटणं लावत होते.

तेवढ्यात पहिली तुकडी बाहेर आली. सगळ्यात पुढे सकाळचा तो जाडसर माणूस, घामानं तोंड लाल झालेलं. त्यानं मामांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या ओल्या शर्टाकडे पाहिलं, आणि काय झालंय ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"शेठ, तुमचं माझं पोट एकाच मापाचं दिसतंय," तो म्हणाला आणि आपल्या शर्टाची बटणं सोडायला लागला. "हा घ्या. घामट आहे, पण तुमच्या त्या तलावापेक्षा बरा."

"अरे, तू..." मामा म्हणाले.

"माझं झालंय. घाला पटकन. नंतर मिठी मारा."

फोरमननी घड्याळ पाहिलं आणि शेडकडे तोंड फिरवलं. बाराला दोन मिनिटं असताना मामा त्या माणसाच्या शर्टात आत गेले. बाह्या त्यांना थोड्या लांब होत होत्या. गेट बंद झालं.

नंतरचे दोन तास मी त्या टपरीच्या बाकावर बसून काढले. तो माणूस बनियनवर माझ्याशेजारी बसला होता. मी मामांचा आकाशी शर्ट त्याच्यापुढे धरला, तर म्हणाला, "नको ताई. हा घालून घरी गेलो तर बायको विचारेल कुणाकडून आलास."

मी त्याला चहा सांगितला. त्यानं दोन कप घेतले.

"शर्ट तुम्ही घेऊन दिलात ना?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"वाटलंच. वेल्डर स्वतःच्या हातानं असला घेणार नाही. आमच्यात कसं असतं, शर्टाला बारीक भोकं असली की समोरच्याला कळतं, हा आगीपुढे बसलेला माणूस आहे. कोराकरकरीत घालून आला की पहिला संशय. फाटका घालून आला तरी नापास, कारण फाटक्यातनं ठिणगी आत जाते. म्हणजे धुतलेला पाहिजे, भोकाचा पाहिजे, फाटका नको. आहे की नाही अवघड? तुमच्या ऑफिसातल्यापेक्षा जास्त नियम आहेत आमचे."

"तुम्ही का दिलात तुमचा?" मी विचारलं. "जागा चारच आहेत."

त्यानं कप खाली ठेवला. "तो बाहेर राहिला म्हणून माझा जोड चांगला होणार आहे का? माझा जो झाला तो झाला. मला माहितीये कसा झालाय."

त्याच्या आवाजात हे सांगताना थोडी घाई होती. मला तेव्हा ती कळली नाही. मी त्याला विचारत होते की आत काय करायला लावतात. त्यानं सांगितलं, लोखंडाच्या दोन पट्ट्या जोडायला देतात, मग तो जोड मशीनमध्ये घालून वाकवतात. तडा गेला की माणूस बाद. तोंडानं काही विचारत नाहीत. विचारलं तरी शेवटी, नाव आणि पत्ता.

मी आठवडाभर मामांकडून पाठ करून घेतलेल्या उत्तरांची मला आठवण झाली आणि मी मान खाली घातली.

दोन वाजून गेल्यावर मामा बाहेर आले. भुवयांपर्यंत काजळी, शर्ट पाठीला चिकटलेला. मी उठून उभी राहिले. ते त्या माणसाकडे गेले.

"झालं?" त्यानं विचारलं.

"आधी हात बसत नव्हता," मामा म्हणाले. "मग बसला."

फोरमन रजिस्टर घेऊन गेटपाशी आले. सगळे भिंतीपासून सुटून पुढे सरकले. त्यांनी चार नावं वाचली. सावकाश, एकेका नावानंतर थांबून. पहिलं दुसऱ्याच कुणाचं. दुसरंही. तिसरं नाव मामांचं होतं. मामांनी हात वर केला, शाळेत करतात तसा. चौथं नाव वाचल्यावर फोरमननी रजिस्टर मिटलं.

चौथं नाव त्या माणसाचं नव्हतं.

मामा वळले. तो बाकावर बसूनच होता. "जोडाच्या डावीकडे मलाच शंका होती," तो म्हणाला. "शेवटच्या इंचात हात उचलला गेला. तडा तिथेच गेला असणार."

मामा सरळ फोरमनकडे गेले. मी मागोमाग गेले. मामा म्हणाले, "साहेब, माझ्या अंगात त्याचा शर्ट आहे. त्यानं दिला नसता तर मी आत आलो नसतो."

"मी पाहिलंय," फोरमन म्हणाले.

"मग त्याचं काही..."

"परीक्षा शर्टाची नव्हती," ते म्हणाले. वाईट बोलले असं मला वाटलं नाही. ते दमलेले होते. "सोमवारी आठला या. आणि सुती कपडे घालून या."

मामांनी खोपीमागे जाऊन शर्ट काढला, झटकला, घडी घातली आणि दोन्ही हातांनी त्या माणसाला दिला. त्यानं तो तसाच ओला घामट अंगात घातला. मामांनी त्याचा नंबर घेतला. तो म्हणाला, "पेढे नकोत, मला शुगर आहे," आणि पिशवी खांद्याला लावून कॉटन ग्रीनच्या दिशेनं चालत गेला. मामांनी नंतर त्याला दोन-तीनदा फोन केला. एकदा त्यानं उचलला, एका ठिकाणी बोलणं चाललंय म्हणाला. त्यानंतर तो नंबर बंद लागतो. त्याला पुढे काम मिळालं की नाही, मला माहीत नाही.

आम्ही घरी चालत निघालो. मामा म्हणाले टॅक्सी नको. ऊन डोक्यावर होतं. अंगात परत तो आकाशी शर्ट, पण पँट आणि बूट कामाचे. मामीला मी फोन करून नुसतं "लागले" एवढं सांगितलं. पलीकडून तिनं नाक ओढल्याचा आवाज आला आणि तिनं फोन ठेवला.

बरंच अंतर चालून गेलो. मग मीच म्हटलं, "मामा, माझ्यामुळे आज सगळं गेलं असतं."

"तुला काय माहीत असणार?" ते म्हणाले. "मला माहीत होतं. तू हातात दिलास तेव्हाच बोटांना कळलं, टेरिकॉट आहे."

मी थांबले. "मग बोलला का नाहीत?"

ते दोन पावलं पुढे जाऊन थांबले. "तू शिकलेली," ते म्हणाले. "माणसं कामाला घेण्याचंच काम करतेस तू रोज. म्हटलं, पद्धत बदलली असेल आता. आपण सव्वीस वर्षं एका शेडमध्ये. बाहेर काय चालतं आपल्याला काय कळणार."

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते अगदी साधेपणानं म्हणाले, एखाद्या रस्त्याचा पत्ता सांगावा तसं. या घरात मी माझी पदवी घेऊन आले त्या दिवशी मामांनी गॅलरीभर पेढे वाटले होते. त्याच पदवीपुढे ते स्वतःच्या बोटांना कळलेली गोष्ट गिळून गप्प बसले होते, आणि बायकोनं भरलेली पिशवी माझ्याकडून रिकामी होताना पेपर वाचत राहिले होते. माफी मागावी, तर ती त्यांनी आधीच नको म्हणून टाकली होती.

चालता चालता मी विचारलं, "मामा, कॉलर ओली असली तर नक्की काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खरंच विचारतेय का ते बघायला. मग म्हणाले, "करंट वाट शोधतो. कोरडा माणूस त्याला आवडत नाही, ओला आवडतो. आता समज, तुझ्या हातात होल्डर आहे, वेल्डिंगची कांडी धरायचा..." आणि त्यांनी हात उचलून मला दाखवायला सुरुवात केली. बूट कसले हवेत, लेस पँटच्या आत का, शर्ट बाहेर का सोडायचा, खिशाला झाकण का लागतं. पावसाळ्यात लाकडी फळीवर बसून कसं काम करायचं. कोणी नवीन माणूस आला की ते स्वतः आधी त्याचं काय बघायचे. मी मधे मधे विचारत होते. काही गोष्टी त्यांनी दोनदा सांगितल्या, मला पहिल्यांदा कळल्या नव्हत्या म्हणून. आम्ही जिन्यापाशी आलो, वर गॅलरीत मामी कठड्याला टेकून उभी दिसली, तरी मामा खालीच थांबून मला दाखवत होते, ठिणगी मानेवर येते तेव्हा मान कुठल्या बाजूला वळवायची.